कोपराखालचा हात

कमिटी चारला येणार होती, आणि घर सकाळी अकरालाच दमून गेलं होतं.

चैत्र संपत आला होता. साखर पेठेतले माग रविवार असूनही चालू होते, आणि त्या खटखटीत साधं बोलायचं म्हटलं तरी आवाज चढवावा लागे. त्यामुळे गंगाधरशास्त्र्यांच्या घरात कुणी पाणी मागितलं तरी भांडण चाललंय असं वाटायचं. खरं भांडणही आठ महिने चालूच होतं म्हणा. आता त्यात कुणाला रस उरला नव्हता, पण थांबवायचं कसं हेही कुणाला सुचत नव्हतं.

कारण एकच होतं. घराच्या पुढच्या खोलीत शास्त्र्यांचा धर्मार्थ दवाखाना होता. त्याच्या औषधांचा खर्च एक सुताचे व्यापारी करत. ते वारले आणि त्यांच्या मुलांनी गेल्या श्रावणापासून हात आखडता घेतला. मग शास्त्र्यांचे धाकटे भाऊ चिंतामणी वकील, जे म्युनिसिपालिटीत निवडून आले होते, त्यांनी बोर्डापुढे ठराव टाकला: शहर आपल्या खर्चाने डॉक्टरी दवाखाने चालवतं, तसं या आयुर्वेदिक दवाखान्यालाही दरसाल ग्रँट द्यावी. ठराव आरोग्य कमिटीकडे गेला. कमिटीने डॉक्टरांचा लेखी अभिप्राय मागितला. आणि पेठेतल्या म्युनिसिपल दवाखान्याचे डॉक्टर म्हणजे शास्त्र्यांचा मुलगा शरच्चंद्र. सरकारी कागदाला नातीगोती कळत नाहीत, पण त्या कागदावर सही करणाऱ्याला रोज संध्याकाळी घरी येऊन बापाशेजारी जेवायला बसावं लागतं.

शरच्चंद्राची बायको शकुंतला पन्ह्याला कैऱ्या उकडत होती. तिला या प्रकरणात कुणी मत विचारलं नव्हतं आणि ते तिला बरंच वाटत होतं. स्वयंपाकघराच्या दारातून पुढची खोली सरळ दिसे. मामंजी, म्हणजे घरातल्यांचे अण्णा, गादीवर बसले होते. त्यांच्यासमोर माढ्याकडून आलेली गोजाबाई, मेंढरांमागे उभा जन्म काढलेली, हात पुढे करून बसली होती. तिचा हात छोट्या उशीवर होता आणि कोपराखाली वन्संनी, म्हणजे शरच्चंद्राच्या थोरल्या बहिणीने, रुक्मिणी-आक्काने, आपला डावा हात धरला होता. उजव्या हातात टाक, मांडीवर वही. ही या दवाखान्याची रीतच झाली होती. अण्णा मनगटावर तीन बोटं ठेवणार, आक्का कोपर तोलून धरणार, अण्णा सांगणार, आक्का लिहिणार.

शकुंतलेने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. आज कैरी शिजायची वाट बघत ती नुसती उभी होती, म्हणून तिला वेगळंच दिसलं. वन्संचा टाक आधी चालला. मामंजींनी वहीकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "कफ. छातीत जुना."

"व्हय," गोजाबाई म्हणाली. "लई जुना."

पुढचा रोगी आला तेव्हाही तसंच झालं. टाक आधी, शब्द मागून.

शकुंतलेने मान झटकली. उन्हानं आपल्यालाच भोवळ येतेय, असं ती स्वतःला म्हणाली. तेवढ्यात मामंजी आत आले. चुलीवर काढ्याचं पितळी पातेलं खदखदत होतं. त्यांनी ते फडक्याशिवाय, दोन्ही हातांनी काठाला धरून उचललं, सावकाश खाली ठेवलं आणि तिला म्हणाले, "उतू जात होतं. लक्ष कुठे आहे तुझं?"

त्यांच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती. ते हात धोतराला पुसत बाहेर गेले.

*

जेवणं झाली. पानं उचलली गेली, पण पुरुषमंडळी उठली नाहीत. चिंतामणकाका भिंतीला टेकून सुपारी कातरत होते.

"शरद, अभिप्राय झाला का लिहून?"

"कच्चा झालाय."

"कच्चा म्हणजे?"

 तीन रविवार शरच्चंद्र तो कागद लिहून फाडत होता. काकांना खूश करणारा लिहिला की रात्री स्वतःचा राग यायचा, आणि खरा लिहिला की सकाळी अण्णांच्या तोंडाकडे बघवत नसे.

"माझ्या दवाखान्यात तीन आठवडे कोयनेल नाही, काका," तो शेवटी म्हणाला. "रोज पन्नास-साठ माणसं हिवतापानं कुडकुडत येतात आणि मी त्यांना रंगीत पाणी देतो. बोर्डाकडे मागणी केली की पैसे नाहीत. आता त्याच पैशातून दुसरा दवाखाना काढायचा?"

"दोन्ही मिळेल. बोर्डात माणसं सांभाळता आली पाहिजेत."

"तुम्ही माणसं सांभाळा. मला ताप सांभाळायचाय."

"म्हणजे आमचं औषध निकामी," शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले.

"तसं मी म्हटलं का, अण्णा? तुमच्याकडे लोक बरे होतात. पण किती होतात आणि आपोआप किती झाले असते, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. घरचा पैसा असता तर मी तोंड उघडलं नसतं. हा गावाचा पैसा आहे."

"गावाचा म्हणजे कुणाचा? पट्टी कोण भरतं? हे मागवाले भरतात. ते तुझ्या दवाखान्याची पायरी चढत नाहीत. तुझा कंपाउंडर त्यांच्यावर खेकसतो, त्यांचं तेलुगू त्याला कळत नाही, आणि तूही मान वर न करता बाटली पुढे करतोस. मग त्यांनी भरलेल्या पट्टीत त्यांच्या विश्वासाच्या माणसाला काही मिळू नये?"

"विश्वासानं घटसर्प बरा होत नाही, अण्णा."

बोलून गेल्यावर त्यालाच वाईट वाटलं. शेजारच्या बोळातल्या शांतम्माची चार वर्षांची पोर. अडीच वर्षं झाली. घसा धरला म्हणून तिला इथं आणली होती. तीन दिवस काढा चालला. चौथ्या दिवशी शरच्चंद्राकडे आणली तेव्हा ती निळी पडली होती. घरात तो विषय कुणी काढत नसे.

 शास्त्रीबुवा उठले आणि वामकुक्षीला आत निघून गेले.

"झालं समाधान?" शास्त्रीबुवांच्या पत्नी अनसूयाबाई म्हणाल्या. त्या नेहमी दारात उभं राहून बोलत, म्हणजे कुणाच्याच बाजूच्या नाहीत असं वाटे. "आठ महिने दोघांची तोंडं बघतेय मी. मिळाली ग्रँट तर मिळाली, नाही तर दवाखाना बंद करा एकदाचा. रुक्मिणीच्या दिरांचं माढ्याहून दुसरं पत्र आलंय. जावेचं बाळंतपण आहे, हक्काचं माणूस हवंय म्हणतात. तिथं निदान तिला घर तरी आहे."

रुक्मिणी खरकटं काढत होती. तिने मान वर केली नाही. बावीस वर्षांची असताना ती कुंकू पुसून माहेरी आली, त्याला चौदा वर्षं झाली होती. माढ्याचं घर म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. पहाटेपासून जातं, दिवसभर दुसऱ्यांची पोरं आणि मंगलकार्य असलं की माजघराच्या मागची खोली. इथं निदान सकाळी दार उघडलं की माणसं तिची वाट बघत बसलेली असत. दवाखाना बंद झाला तर माढा, हे घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी आपल्याला काय हवं ते सांगायची तिला सवय नव्हती.

*

शकुंतलेने नवऱ्याला मागच्या पडवीत गाठलं आणि पातेल्याचं सांगितलं. टाकाचंही सांगितलं, पण ते अडखळत.

"मला नीट कळलं नाही," ती म्हणाली. "पण बोटं बघा तुम्ही मामंजींची. भाजलीत, आणि त्यांना पत्ता नाही."

शरच्चंद्र आत गेला. अण्णा चटईवर डाव्या कुशीवर निजले होते. उजवा हात मोकळा पडला होता. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकाला टरारून फोड आले होते. त्याने कोटाला लावलेली टाचणी काढली आणि अनामिकेला हलकेच टोचली. मग जरा जोरात. मग करंगळीला दोनदा.

"किती वेळा टोचलंस?" अण्णांनी विचारलं. ते निजले नव्हते.

शरच्चंद्र दचकला. "चार वेळा."

"मला दोनदा दिसलं. लागलं एकदाही नाही."

तो खाली बसला. अण्णांची लघवी त्याने स्वतःच तपासली होती तीन वर्षांपूर्वी, मधुमेह निघाला होता, आणि अण्णांनी पथ्य सांभाळतो म्हणून विषय संपवला होता. या रोगात पाय बधिर होतात हे त्याने पुस्तकात वाचलं होतं. हात कधी बघितले नव्हते. एवढं शिकून डोळ्यासमोरची बोटं बघितली नव्हती.

"कधीपासून, अण्णा?"

"शांतम्माच्या पोरीच्या वेळी पहिल्यांदा शंका आली. नाडी हाताला लागत नव्हती. मला वाटलं, पोर लहान आहे, बारीक असेल. नाडी होती रे. माझी बोटं नव्हती." ते उताणे होऊन आढ्याकडे बघत होते. "त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी रुक्मिणी कोपराखाली हात धरायला लागली. म्हणाली, रोग्याचा हात थरथरतो, आधार देते. मी बरं म्हटलं."

"तिथं तिला नाडी लागते?"

"कोपराच्या आतल्या खोबणीत लागते. लहानपणी मीच शिकवली होती, खेळ म्हणून. तुलाही शिकवत होतो. तू पळून जायचास."

"मग ती सांगते तुम्हाला?"

"कधी नाही. ती लिहिते, मी वाचतो. अडीच वर्षांत एका शब्दानं आमचं बोलणं झालेलं नाही."

शरच्चंद्राला चिठ्ठ्या आठवल्या. अडीच वर्षांत अण्णांकडून त्याच्या दवाखान्यात वीस-बावीस माणसं चिठ्ठी घेऊन आली होती. 'छातीत पाणी असावे, तुझ्याकडे पाठवतो.' 'घसा बघ, उशीर करू नकोस.' अक्षर आक्काचं, पण लेखनिक म्हणून. तीन सोडल्या तर सगळ्या खऱ्या निघाल्या होत्या. त्या चिठ्ठ्यांमुळेच त्याचा कच्चा अभिप्राय थोडा मऊ झाला होता. 'शास्त्रीबुवांचे निदान वाखाणण्याजोगे असून गंभीर रोगी ते वेळीच पाठवतात,' हे एकच वाक्य त्याने एकदाही फाडलं नव्हतं.

"आता मी काय लिहू?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? डॉक्टर तू आहेस."

बोलता बोलता अण्णांनी डोळे मिटले, आणि या खेपेस ते खरंच झोपी गेले.

*

कमिटी म्हणजे चार माणसं. त्यांतली तीन उन्हाचं निमित्त करून आली नाहीत. आले ते एकटे अध्यक्ष गुरुसिद्धप्पा, बाळीवेशीत अडतीचं दुकान असलेले, जाडजूड आणि घामाघूम. दारापुढच्या चार पायऱ्या चढून आले आणि ओट्यावर जरा टेकले.

रुक्मिणी माजघराच्या दाराआड उभी होती. मोठं माणूस घरात आलेलं, तेव्हा तिने बाहेर यायचं नाही असं आईने बजावलं होतं. तिच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला शकुंतला. तिला अण्णांची पाठ दिसत होती आणि शरदचा चेहरा दिसत होता. शरद असा का बघतोय, हे तिला कळेना.

गुरुसिद्धप्पांनी पन्हं प्यायलं, वही चाळली, फडताळातल्या बाटल्या बघितल्या. चिंतामणकाका प्रत्येक बाटलीमागे एक भाषण करत होते.

"वकीलसाहेब, बसा की जरा," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "कागद मी वाचलेत. तुमच्या बाजूचे वाचले, विरुद्धचे वाचले. एक म्हणतो ही ऋषींची विद्या, दुसरा म्हणतो हा अडाणीपणा. सहा महिने वाचून डोकं उठलंय माझं. मला कायबी कळत न्हाय त्यातलं." त्यांनी कोटाची बाही वर केली आणि जाड मनगट उशीवर ठेवलं. "शास्त्रीबुवा, माझी नाडी बघा आणि सांगा. मी कायबी सांगणार न्हाय. तुमाला कळलं, तर कमिटीत मी शब्द टाकतो. बास."

काकांच्या तोंडावर आनंद मावेना. हा तर हातचाच डाव, असं त्यांना वाटलं असणार.

अण्णांनी तीन बोटं मनगटावर ठेवली. फोड आलेली बोटं. रुक्मिणीने ते आता पाहिलं. कोपर मोकळं होतं. वही तिच्या हातात नव्हती. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशिवाय बसले होते, असं तिला वाटलं. मग हे पहिल्यांदा नाही, जन्मभर ते तसेच बसत होते, हे आठवून तिला आणखी वाईट वाटलं.

काहीतरी सांगा, ती मनात म्हणत होती. वात म्हणा. जाड माणसाला, उन्हात, काहीही म्हटलं तरी थोडं लागू पडतं. पित्त म्हणा. बोला, अण्णा.

माग खटखटत होते. 

"मला काही लागत नाही," अण्णा म्हणाले.

"म्हणजे? बरा हाय मी?"

"ते मला माहीत नाही. माझी बोटं गेली आहेत. अडीच वर्षं झाली." त्यांनी हात उचलला. मान मागे न वळवता हाक मारली, "रुक्मिणी, इकडे ये. तू बघ."

चिंतामणकाकांच्या हातातला अडकित्ता खाली पडला. अनसूयाबाईंनी रुक्मिणीचा पदर घट्ट धरला. "जायचं नाही," त्या कुजबुजल्या. "लोक काय म्हणतील?" पण शकुंतलेने सासूच्या हातातून तो पदर सोडवला. इतकी वर्षं या घरात जिने कधी वर बघून उत्तर दिलं नव्हतं, ती म्हणाली, "जाऊ द्या त्यांना, सासूबाई."

रुक्मिणी बाहेर आली. नेहमीच्या जागी बसली. गुरुसिद्धप्पांच्या कोपराखाली हात घातला आणि बोटं खोबणीत टेकवली. डोळे मिटले. एकदा काम सुरू झालं की तिला भीती वाटत नसे.

"मधेच एक ठोका गळतो," ती थोड्या वेळाने म्हणाली. "चार-पाच झाले की एक. तुम्हाला चढावर दम लागतो. उताणं झोपवत नाही, उशी उंच लागते. संध्याकाळी पावलं सुजतात."

गुरुसिद्धप्पांनी आपल्या पावलांकडे पाहिलं.

"माझ्याकडे याला पुरेसं औषध नाही," ती म्हणाली. "शरदला दाखवा. आजच दाखवा."

शरच्चंद्राने नळी काढली. छाती ऐकायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्याने मान वर केली ती बहिणीकडे बघत. "बरोबर आहे. उद्या सकाळी दवाखान्यात या. नेमानं औषध घ्यावं लागेल."

गुरुसिद्धप्पांनी बाही खाली केली आणि गुंड्या लावत बसले. एक गुंडी लागेना, ती त्यांनी तशीच सोडली.

"माझ्या बायकोलाबी सांगितलं न्हवतं मी, पाय सुजतात म्हणून," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "शास्त्रीबुवा, अर्जावर नाव तुमचं हाय. बोटांचं काय बोललात ते मला ऐकू आलं न्हाय असं समजू. मागाचा आवाज लई हाय हितं. मी शब्द टाकतो, काम चालू ऱ्हाईल. आयतु? जमलं?"

काकांनी सुटकेचा श्वास सोडला. रुक्मिणीनेही. शरच्चंद्र खाली बघत होता. त्यालाही हेच हवं होतं आणि हवं असल्याची लाज वाटत होती.

"नाही," अण्णा म्हणाले. "नाव हिचं लावा. नाही तर काही नको."

"दादा, वेड लागलंय का?" चिंतामणकाका म्हणाले. "बोर्डात माझ्यासमोर बसतात ती माणसं कशी आहेत ठाऊक आहे ना? प्रमाणपत्र नाही, शाळा नाही, त्यात विधवा बाई. ठराव हसण्यावारी नेतील."

"नेऊ देत. एकदा नाडी न लागता लागली म्हणालो, तर एक पोर गेली. पुन्हा म्हणवत नाही मला."

गुरुसिद्धप्पा दोघांकडे बघत राहिले. मग उठले. रुक्मिणीला नमस्कार करावा की नाही, असा त्यांचा घोटाळा झाला. शेवटी दोन्ही हात अर्धे जोडून ते पायऱ्या उतरले, या खेपेस सावकाश.

 ते गेल्यावर पहिली बोलली ती रुक्मिणीच.

"मला विचारलंत?"

अण्णांनी मान वर केली.

"तुमचं मन हलकं झालं, अण्णा. बरं झालं. पण अडीच वर्षं गप्प होतात, आणखी चार दिवस गप्प बसला असतात तर दवाखाना राहिला असता. तुमचं नाव मला कधी जड झालं नव्हतं. आता माझं नाव लावून मला माढ्याला पाठवाल." तिचा आवाज चढला नव्हता. "मला नाव नको होतं. मला ही खोली हवी होती."

  रुक्मिणी आत गेली आणि दुपारची राहिलेली भांडी घासायला बसली.

*

शरच्चंद्राने अभिप्राय त्याच संध्याकाळी लिहिला आणि तो फाडला नाही. काढ्यांनी किती माणसं बरी होतात हे सांगण्याइतका पुरावा आपल्याजवळ नाही, असं त्याने लिहिलं. मात्र या दवाखान्यातून वीसवर गंभीर रोगी वेळेत आले, त्यांतले बहुतेक जगले, आणि ते ओळखणारी व्यक्ती श्रीमती रुक्मिणीबाई आहेत. म्युनिसिपालिटीने पैसा द्यायचा तर ओळखणाऱ्या हाताला द्यावा, त्यांना रीतसर शिकवावं, आणि कोयनेलही द्यावं.

पंधरा दिवसांनी बोर्डाची सभा झाली. चिंतामणकाका रात्रीचे जेवले नाहीत, तेव्हाच घरात कळलं. अभिप्राय वाचून दाखवताना मागच्या बाकांवर हशा झाला होता. गुरुसिद्धप्पा बाजूने बोलले, दम लागला म्हणून मध्येच बसले. ठराव पडला. कोयनेलचाही विषय पुढच्या सभेवर गेला.

रुक्मिणीने ट्रंक बाहेर काढली. दोन लुगडी, एक पोथी, खलबत्ता. माढ्याला खलबत्त्याचं काय काम, म्हणून तो परत ठेवला. मग पुन्हा घेतला.

अनसूयाबाई दारातून बघत होत्या. आज त्या दार सोडून आत आल्या आणि ट्रंकेवर बसल्या.

"माढ्याला पत्र टाकलं मी कालच," त्या म्हणाल्या. "शकुंतलेकडून लिहवून घेतलं. लिहिलंय, ती येणार नाही, दुसरं माणूस बघा."

"आणि इथं काय करू, आई? औषध कुठून आणायचं?"

"सुंठ, हिरडा, अडुळसा घरात असतो की. महागाची भस्मं नाहीत म्हणून माणसं यायची राहतात का? बाकीच्यांना चिठ्ठी दे शरदच्या नावानं. पहिल्यापासून तेच करत होतीस म्हणे." त्या क्षणभर थांबल्या. "मला कुणी सांगितलं नाही घरात. मी काय परकी होते?"

रुक्मिणीला हसू आलं आणि लगेच रडू आलं. आईसमोर ती कित्येक वर्षांनी रडली.

सोमवारी पुढची खोली उघडली तेव्हा गोजाबाई पायरीवर बसली होती. रुक्मिणी वही घेऊन आपल्या जागेकडे गेली, तर तिथं अण्णा बसले होते. गादी मोकळी होती.

"तिकडे बस," ते म्हणाले. "आधार मी देतो. तेवढं अजून जमतं मला."

ती गादीच्या कडेवर बसली. अण्णांनी गोजाबाईच्या कोपराखाली आपला बधिर तळवा धरला, भाजलेल्या बोटांवर अजून चिंधी होती. रुक्मिणीने मनगटावर बोटं ठेवली. गोजाबाई एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघायला लागली.

अण्णांनी घसा खाकरला. ठराव पडल्यापासून ते हे वाक्य मनात घोळवत होते. "गोजाबाई, मला नाडी लागत नाही आता. बोटं गेली. यापुढे ही बघणार. तुला चालेल ना?"

"यापुढं?" गोजाबाई म्हणाली. "दोन वर्सं झाली की, बाईच बगत्यात. हात माजा हाय न्हवं? कुणाची बोटं दाबत्यात आणि कुणाची नुसती पडल्यात, ते मला कळत न्हाय व्हय? आमच्याकडं समद्यांस्नी म्हायती हाय. तुमाला वाईट वाटंल म्हणून कोण बोललं न्हाय."

 अण्णांनी कोपर थोडं वर उचलून नीट धरलं.

"कफ," रुक्मिणी म्हणाली. "पण मागच्यापेक्षा कमी आहे."

टाक तिच्या हातात नव्हता. अण्णांनी डाव्या हाताने वही ओढली, मांडीवर घेतली आणि तिनं सांगितलं तसं वाकड्यातिकड्या अक्षरात लिहून ठेवलं.